ग्वाल्हेरचं तिकीट

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही चांगली बातमी शेवटपर्यंत ऐकून घेतली नसेल. बातमी अर्ध्यात आली, की तिच्यात पुढे काय बिघडणार ते त्यांना दिसू लागायचं, आणि दिसलेलं पोटात ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी बारामतीच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा इंदापूर रस्त्याला त्यांची खोली बघायला गेलो. घर नवंकोरं, सिमेंटचा वासही गेला नव्हता. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांनी कुलूप काढलं आणि दारातच म्हणाले, "घ्या बापडे. पण भिंतीला वल यील, छत गळंल, आन् हितं ऱ्हाणाऱ्याला कावीळ व्हणार बघा." मी विचारलं, "आधीच्या भाडेकरूला झाली होती का?" तर म्हणाले, "आदी कोण ऱ्हायलंय हितं? तुमीच पैलं."

घराणं मूळचं कऱ्हाटीचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, मग शेती आली, आणि तात्यांनी बारामतीत पेंडीचं, पशुखाद्याचं दुकान टाकलं. लांडगा कधी येईल याचा नेम नाही, ही धास्ती मेंढरं विकली तरी घरात शिल्लक राहिली असावी. गिऱ्हाईक आलं, की ते पोत्यावर हात ठेवून सांगत, "न्हे, पण म्हशीनं तोंड लावलं तर नशीब समज." असं बोलून कुणी माल विकतो का? पण वडगाव निंबाळकरचे गवळी वाटेतली चार दुकानं ओलांडून त्यांच्याकडेच यायचे. म्हशी पेंड खायच्या, दूध द्यायच्या, आणि आपल्या मालाची इतकी निंदा करणारा माणूस लबाड असूच शकत नाही, अशी त्या लोकांची पक्की समजूत झाली होती. तात्यांनी जन्मात कुणाला फसवलं नाही. फक्त हसू दिलं नाही.

शेजारच्या कंपाउंडरनं नवी लुना घेतली तेव्हा तात्या तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पुढलं चाक जपा हां." आठवडा झाला नाही तोच कंपाउंडर पुढच्या चाकासकट खड्ड्यात गेला आणि दोन दात हातात घेऊन घरी आला. त्या दिवसापासून आळीत तात्यांची जीभ काळी ठरली. बायका नव्या साड्या पदराखाली झाकून जायच्या. तान्ही पोरं उन्हात न्हाऊमाखू घालून ठेवलेली असली, तर तात्या दिसताच आत उचलून न्यायच्या. तात्या सगळं बघायचे. एकदा मला म्हणाले, "सर, मी कुणाचं वाईट चितत न्हाय हो. मला भ्या वाटतं, म्हून तोंडातनं निघतं." मी विषय बदलला. दुसरं काय करणार?

त्यांना एकच मुलगी, नंदा. तिचं लग्न इंदापूरला झालं, जावई लष्करातल्या वर्कशॉपात नोकरीला, थेट ग्वाल्हेरला. पाठवणीच्या वेळी मी तिथंच होतो. काकू, म्हणजे तात्यांची बायको, धाय मोकलून रडत होत्या, नंदा त्यांच्या गळ्यात, सगळा मांडव डोळे पुसतोय. तात्यांना ते बघवेना. ते मोठ्यानं म्हणाले, "आरं रडताय कशाला? चार म्हैन्यात पोरगी माघारी येतीया का न्हाय बगा!"

माघारी म्हणजे संसार मोडून, असंच मांडवानं ऐकलं. बायकोची समजूत घालायची म्हणून ते बोलले होते, हे मी शपथेवर सांगेन, पण नवऱ्याकडच्या माणसांना ते कोण सांगणार? नंदाचं रडं थांबलं. ती वळून म्हणाली, "तात्या, आता मी माहेरी आले, की तुमचंच खरं हुईल. मी येत न्हाय."

आणि ती आली नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तेही तिनं तिकडंच उरकलं. काकूंनी केलेले डिंकाचे लाडू टपालानं गेले. मुलगा झाला आणि पंधरा दिवसांत कार्ड आलं: बारसं थंडी कमी झाल्यावर करणार आहोत, तुम्ही दोघंही या.

दोघंही. काकूंनी ते कार्ड माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

तात्यांची ऐपत होती, तिकीट काढून दुसऱ्या दिवशी निघता आलं असतं. पण तिथं त्यांचं मोडक्या अभिमानाचं दुखणं आडवं आलं. नेमकी त्याच सुमाराला पेंडीच्या कंपनीची योजना होती. पोत्यामागे पॉइंट, आणि वर्षअखेर साठलेल्या पॉइंटांवर मिक्सर, कूलर, नाहीतर दोन माणसांचं लांब पल्ल्याचं रेल्वेचं तिकीट. गवळ्यांच्या कृपेनं तात्यांचे पॉइंट तालुक्यात सगळ्यांत जास्त. ते योजनेचा कागद घेऊन माझ्याकडे आले. "ग्वाल्हेर बसतंय का बगा ह्यात. म्हंजी आपण हून गेलो आसं न्हाय. कंपनीनं धाडलं, म्हून गेलो." काकू दारामागून म्हणाल्या, "कंपनीनं का हुईना, पर चला."

कंपनीच्या पुण्याच्या कचेरीतून तिकीट आलं. दौंडहून बसायचं होतं. काकूंनी झबली शिवली, दुपटं शिवलं. आणि जायच्या तीन दिवस आधी तात्या माझ्या दारात. "सर, दौंडाला येता का? तारीख बदलायची." कारण विचारलं तर म्हणाले, गाडी घसरणार असं वाटतंय. आम्ही पॅसेंजरनं दौंडला गेलो. खिडकीतल्या बाबूनं पुढच्या महिन्यातली तारीख टाकून दिली आणि बजावलं, "तारीख एकदाच बदलता येते. परत येऊ नका." बारसं आजीआजोबांशिवाय झालं. नंदानं तेवढंच कळवलं, दोष दिला नाही. मला वाटतं तो दिला असता तर तात्यांना बरं वाटलं असतं.

महिना सरला आणि तात्या पुन्हा दारात. या वेळी मी चिडलो. शाळा बुडवून माणसाच्या भित्रेपणाची हमाली किती करायची? तरी गेलो. बाबूनं आम्हाला ओळखलं आणि मान हलवली. "तारीख नाही. रद्द करा, पैसे तिकीट ज्यानं काढलं त्याला जातील. नाहीतर नाव बदला, पण घरच्याच माणसाचं. आई, बाप, भाऊ, कुणीतरी." तात्या खिडकीचा गज धरून उभे राहिले. मागची रांग कुरकुरायला लागली, तसा मी त्यांना बाकावर आणून बसवलं.

"खरं काय ते सांगा," मी म्हणालो.

ते रुळांकडे बघत म्हणाले, "सर, त्या लेकराला बगून माझ्या तोंडातनं काय निघंल ह्याचा भरवसा न्हाय. आजवर निघालंय ते पोरीनं भोगलं. लेकरानं भोगायला नगं."

"मग बोलू नका. गप्प बसा."

"गप बसलो, तर ती म्हनंल बाप बोलत बी न्हाय."

मी शास्त्राचा मास्तर. जिभेनं काही होत नाही हे मुलांना फळ्यावर समजावतो. तेच त्यांना सांगायला लागलो, तोवर तात्या उठले आणि त्यांनी आपल्या नावाच्या जागी कऱ्हाटीच्या थोरल्या भावाचं नाव घालायचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. काकूंचं नाव तसंच राहिलं.

गाडीला आम्ही सोडायला गेलो. तात्यांचे थोरले भाऊ आबा नवा पटका बांधून खिडकीशी बसले होते. काकूंनी खिडकीतून विचारलं, "आवं, पोरीला काय सांगू?" तात्यांनी ओठ घट्ट मिटून काही नको अशी मान हलवली. गाडी हलली तरी ते हाताचा पंजा तोंडावर धरूनच उभे होते.

काकू महिन्यानं आल्या. ओसरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. नातू गुटगुटीत आहे, जावई देवमाणूस आहे, घराला अंगण आहे. तात्या खाली मान घालून ऐकत होते. मग काकू हळूच म्हणाल्या, "ठेसनावर आली हुती. लेकरू कडेवर. मी उतरले, भावजी उतरले. ती आमच्या पाया पडली आन् तशीच डब्यात चढली. आत पार शेवटपतोर जाऊन आली. दारातनं म्हनली, आई, तात्या सामान काढत्याती व्हय?"

"मग?" तात्यांनी विचारलं.

"मग काय! मी न्हाय म्हनले. तिला खरं वाटंना. गाडी हालायला लागली तवा जावयानं हात धरून खाली घेतली."

मला तात्यांचा राग आला आणि त्यांच्याकडे बघवेना. ते भिंतीला हात टेकत उठले, चपला शोधू लागले. "लेकरू घिऊन चढायला नगं हुतं तिनं," ते म्हणाले, "गाडी सुटली आस्ती म्हंजी?" दुकानावर जातो असं हातानं खुणावून ते उन्हात निघून गेले. तो गुरुवार होता, दुकान बंद असायचं. आम्ही दोघांनीही त्यांना हाक मारली नाही.