उंबराच्या पाण्याला मी गाणं थांबवलं

आमच्या उत्तनला लग्नात गाणाऱ्या बायकांची पुढारीण एक मावशी होती. नात्यातली नव्हे, सगळ्या गावाचीच मावशी. ती एक ओळ म्हणायची, आम्ही ती उचलायची. मधेच कुणी आपल्या मनची ओळ घुसडली तर सगळ्यांच्या आधी मावशी हसायची आणि तीच ओळ पुढं चालवायची. मला वाटायचं, काय ही बाई, हिला शिस्तच नाही!

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मावशीचा गळा बसला तो बसलाच, आणि पुढं चालायचा मान माझ्याकडे आला. का, तर माझा आवाज मोठा. अक्कल कुणी तपासली नाही, नाहीतर तिथंच आटपलं असतं. मी आठ दिवस अंगणात तालीम घेतली. बायका सुकवायची मासळी टाकून यायच्या आणि मी त्यांच्यावर ओरडायची, "माज्यावर आवाज चढवायचा न्हाय! आपली ओळ घालायची न्हाय!"

पहिलंच लग्न माझ्या धाकट्या बहिणीचं. आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, त्याला आम्ही उंबराचं पाणी म्हणतो. बायका गात आल्या तरच ती घागर घरात घ्यायची, नाहीतर नाही.

अर्ध्या वाटेत शेजारच्या वहिनीनं आमच्या आत्याच्या नव्या सपातांवर एक ओळ रचली. सगळ्या खिदळल्या. आणि मी शहाणी, हात वर करून थांबले. "हे गाण्यात न्हाय!"

वाजंत्री तेवढी पुढं गेली. बायका जागच्या जागी उभ्या.

"मंग तूच गा गो आता," वहिनी म्हणाली. "आमी नुसत्या चालताव."

गायले की! डोक्यावर घागर, तोंडात गाणं. दोन कडव्यांत धाप लागली, तिसऱ्याला घागर हिंदकळून पाणी थेट नाकात. मागून एकीचाही आवाज नाही.

आत्या रडकुंडीला आली. "एकटीचं गाणं दारात चालत न्हाय गो! पोरगी आत पाटावर बसलेय, कायतरी कर!"

शेवटी मी वळले. "वहिनी, तू घे ओळ."

"कंची?"

"तुला सुचंल ती."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खणखणीत सुरू केली, "मोठी बाय पुढं चालली, मान कोंबड्यावानी केली!"

बायकांनी ती अशी उचलली, की पुढं गेलेले वाजंत्रीवाले मागं वळून पाहायला लागले. मीही म्हटली. न म्हणून करते काय, बहीण पाटावर बसलेली! दारात पोचेस्तोवर वहिनीनं माझ्यावर सात कडवी केली. सातवं सगळ्यांत चांगलं जमलं होतं, पण ते मी इथं लिहिणार नाही.