जोड न दिसणारं छत

आमचा दादा रंगारी. छत हे त्याचं खरं काम. रंगाची कड ओली आहे तोवरच पुढचा पट्टा चढवावा लागतो, नाहीतर वाळल्यावर जोड दिसतो. दादा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. मी त्याचा धाकटा भाऊ, त्याच्याच हाताखाली शिकलो, पण माझ्या छतावर जोड दिसतो तो दिसतोच.

एका सर्जनच्या दवाखान्याचं काम चालू होतं. डॉक्टर खाली उभे राहून छताचं कौतुक करत होते, तेवढ्यात त्यांना दादाच्या मानेवरची गाठ दिसली. "किरकोळ आहे, काढून टाकू. तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे!" दादा हरखला. गाठ साधी निघाली, जखमही लगेच भरली.

मग उजवा खांदा उतरायला लागला. शर्ट त्या बाजूने घसरायचा. हात खांद्याच्या वर जाईना. वहिनी रोज तेल चोळायची.

"अहो, त्यांना जाऊन दाखवा ना एकदा."

"फुकटात केलंय त्यांनी. आता तक्रार घेऊन जाऊ? बरं दिसतं का ते?"

बरं दिसण्यापायी या माणसाने अख्खं वर्ष घालवलं. मला अजून संताप येतो.

शेवटी वहिनीने आणि मी त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे, एका डॉक्टरीणबाईंकडे, ओढत नेलं. त्यांनी शर्ट काढायला लावला आणि आम्हाला त्याची पाठ दाखवली. कवटीच्या मागून निघून पाठीच्या मध्याच्याही खाली उतरणारा आणि खांद्याकडे पसरणारा एक मोठा स्नायू असतो, ट्रॅपेझियस. दोन्ही बाजूंचे मिळून पतंगासारखे दिसतात. वरचा भाग खांदा उचलून धरतो, मधला फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, मागे ओढतो, खालचा ते खाली खेचतो. तिन्ही भागांनी मिळून फरा फिरवला तरच हात डोक्यावर नीट जातो. दादाच्या उजवीकडचं मांस वाळून तिथे खळगा पडला होता.

"या स्नायूला चालवणारी नस मानेत अगदी वरवर असते. गाठ काढताना ती कापली गेली. पहिल्या काही महिन्यांत आला असतात तर शिवता आली असती."

"आणि आता?" वहिनीने विचारलं.

बाईंनी दादाच्या हातात शर्ट दिला.

तेव्हापासून दादा भिंती करतो, त्याही छातीपर्यंतच. या वर्षी त्याच सर्जनच्या दवाखान्याचं काम पुन्हा आलं. वाटेत मी बजावलं, "दादा, आज बोल. तू नाही बोललास तर मी बोलेन." तो "बघू" म्हणाला.

दादा खाली भिंतीपाशी, मी शिडीवर. डॉक्टर आले आणि वर बघून त्यांनी नाक मुरडलं. "जोड दिसतोय की! मागच्या वेळी तू केलं होतंस ना? काय सफाई होती! आता आळस करतोस होय?" असं म्हणून त्यांनी दादाच्या त्याच उतरलेल्या खांद्यावर थाप मारली.

मी ताडकन शिडी उतरायला लागलो. दादाने डाव्या हाताने माझा पाय धरून ठेवला.

"वय झालं, साहेब."

"आणि ती गाठ? परत नाही ना आली?"

"नाही साहेब," दादा हसून म्हणाला, "तुमचे उपकार आहेत."