बाळाला नको आहे

किस्से माणूस जन्मल्यावर साठतात, असा माझा समज होता. आमच्या झाशीच्या घरात ते आधीच साठायला लागले. वहिनीला तिसरा महिना, दिवसभर उलट्या, आणि आत्याकडे प्रत्येक उलटीचा अर्थ तयार! मैत्रिणी ऐकून हसून लोळायच्या. सुरुवातीला मीही.

*

पहिला मान आमटीचा. वहिनी जवळच्या मोठ गावची, हिंदी घरातली, पण आमची चिंचगुळाची आमटी तिची लाडकी. एक घास घेतला आणि मोरीकडे धावली.

"बाळाला आमटी नको आहे," आत्या म्हणाली. आमटी बंद!

"आत्या, ते अजून अंगठ्याएवढं असेल. त्याला आमटी कुठून कळणार?"

"तू तुझं झूलॉजी बघ. घर मी बघते!"

*

मग फोडणी नको, उदबत्ती नको. दादा बिजौलीच्या कारखान्यातून आला की दारातच विचारायचा, "मी चालेन का?"

एकदा वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि भडाभडा ओकली. आत्याने त्याची गादी गच्चीवर टाकली. "बाप नको आहे त्याला."

दादा हसला नाही.

*

तिसऱ्या महिन्यात पोट पाचव्यासारखं! आत्या माणिक चौकात दुकानदाराला ऐटीत म्हणाली, "भैया, जुड़वाँ समझो," आणि दोन टोपडी घेऊन आली. वहिनीचे हात मात्र काड्या झाले होते, आणि सारखे थरथरायचे.

"डॉक्टरकडे नेऊ या," मी म्हटलं.

"आमच्या वेळी कोणी उलटीसाठी डॉक्टर नाही केला!"

"तुमच्या वेळी कोण कोण मेलं, तेही सांग ना!"

*

दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा पेला पुढे केला. वहिनीने तोंड फिरवलं. ओठ फुटलेले, डोळे खोल.

"इसको पानी भी नहीं चाहिए, जिज्जी," ती मला म्हणाली. अगदी आत्याच्या सुरात.

मी कोणाला न विचारता रिक्षा बोलावली. आत्या मागोमाग चढलीच.

*

डॉक्टरीणबाई भडकल्या. "इतनी उल्टी! थायरॉइड, पेशाब का इन्फेक्शन, जुड़वाँ, कुछ तो जाँच करवाते!"

"जुड़वाँ ही हैं," आत्या म्हणाली.

बाईंनी सोनोग्राफी सुरू केली. पडद्यावर डोकं नाही, हात नाहीत, धडधड नाही. नुसते बुडबुडे. द्राक्षांचे घड लगडावेत तसे, पोटभर.

"बच्चा नहीं है," त्या म्हणाल्या. "कभी बना ही नहीं. सिर्फ़ नाल के गुच्छे बढ़ते गए."

आत्या माझ्या कानाशी आली. "मग इतके दिवस नको कोण म्हणत होतं?"

*

त्याच दिवशी पोट रिकामं केलं. बाईंनी बजावलं, "ज़रा-सा भी रह गया तो फिर बढ़ेगा. फेफड़ों तक जा सकता है. हर हफ़्ते खून की जाँच." दर आठवड्याला मीच नेत होते. रक्तातला गरोदरपणाचा आकडा उतरत उतरत शून्याला टेकला. वहिनी जेवायला लागली. महिनाभर सगळं शांत. दादा तर पोट रिकामं केलं त्याच आठवड्यात कारखान्याच्या कामाने कानपूरला गेला होता, तो अजून आला नव्हता.

एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली. हातात मेडिकलमधून आणलेली टेस्टची पट्टी. दोन रेषा, गडद.

आत्याने पट्टी उजेडात धरून पुन्हा पाहिली.

वहिनी माझ्याकडे बघत होती. "तो फिर ये कौन है, जिज्जी?"