वीतभर राहिलेली तुरपाई

सुलेखाताईंच्या यजमानांचा, गोडबोलेंचा, फोन आला तेव्हा मी संध्याकाळच्या गाडीत होते. टोकियोहून उरायासुकडे येणारी गाडी, दारापर्यंत माणसं, आणि इतकी शांतता की कुणी पान उलटलं तरी ऐकू यावं. इथे गाडीत फोनवर बोलत नाहीत. पर्समध्ये फोन थरथरत राहिला, पुण्याचा नंबर दिसत राहिला, आणि मी तो नुसता मुठीत धरून उभी राहिले. थरथर थांबली. मग मेल आली. 'सुलेखा सकाळी गेली. तुला आधी कळवतोय.' मला रडायला येत होतं, पण त्या डब्यात रडणंसुद्धा मोठ्यानं बोलल्यासारखं झालं असतं. उरायासुला उतरले, प्लॅटफॉर्मवरच्या कोल्ड्रिंकच्या मशीनच्या आडोशाला गेले आणि तिथे रडून घेतलं. एक शाळकरी मुलगी थबकली, तिनं मला टिश्यूचं पाकीट दिलं, मान लववली आणि गेली. ज्यांच्यासाठी रडत होते त्यांना ओळखणारं त्या अख्ख्या स्टेशनात कुणी नव्हतं.

आठवड्यानं भावानं कात्रण पाठवलं. 'एकेकाळच्या रंगभूमीवरील अभिनेत्री' वगैरे चार ओळी आणि वर फोटो. फोटोतली बाई सुलेखाताई नव्हत्या! नाटक त्यांचंच, साडी तीच, अंबाडासुद्धा तसाच. पण चेहरा त्यांच्या रिप्लेसमेंटचा. सुलेखाताई जपानला निघाल्या तेव्हा त्या नाटकाचे दौरे जोरात होते. निर्मात्यानं आठवड्याभरात दुसरी नटी उभी केली, नवे फोटो काढले, आणि पुढे वर्षानुवर्षं तेच छापले गेले. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. हाताला आला तो फोटो लावला असेल. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मी मूळची सांगलीची. कॉलेजात असताना सुलेखा कर्णिक या नावाची जाहिरात बघून आम्ही मैत्रिणी नाटकाला गेलो होतो. तिकिटं स्वस्तातली, जागा पार मागे, शेजारी एक आजोबा घोरत होते. तरी त्या बाईचा कुजबुजता शब्दही आमच्यापर्यंत स्वच्छ पोचत होता. त्या मुळात स्पर्धेच्या नाटकांतून आलेल्या, हौशी मंडळींबरोबर शाळांच्या वर्गांत तालमी करून. मग व्यावसायिक रंगभूमी, बसमधला प्रवास, गावोगावचे ग्रीनरूम. 'ज्या गावाचा आरसा फुटका नाही ते गाव माझ्या लक्षात राहत नाही,' असं त्या म्हणायच्या. लग्न उशिरा झालं. गोडबोले बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, माणूस अत्यंत सज्जन, नाटकातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. दोन हजार सालानंतर बँकांनी आणि कंपन्यांनी आपल्याकडची माणसं भराभर जपानला पाठवायला सुरुवात केली, त्यांत गोडबोलेही आले, आमचे हेही आले. तीन वर्षांसाठी म्हणून आलेलं पोस्टिंग मग वाढतच गेलं.

आमची पहिली भेट कचऱ्यापाशी झाली. इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाची होते तशी सुलेखाताईंचीही फजिती झाली होती. बाटल्यांच्या दिवशी जळणारा कचरा आणलेला, आणि इमारतीचे म्हातारे केअरटेकर ती पिशवी अदबीनं दोन्ही हातांनी परत देत होते. सुलेखाताईंनी ती एखादं मानपत्र घ्यावं तशी घेतली आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "बघितलंस? माझा सत्कार झाला." त्या आवाजानं मी जागच्या जागी उभी राहिले. सांगलीचं थिएटर, घोरणारे आजोबा, सगळं आठवलं. मी विचारलं, "तुम्ही सुलेखा कर्णिक ना?" त्यांनी पिशवी खाली ठेवली. "इथे आल्यापासून मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही गं. इथे मी गोडबोले-सानची ओकुसान." ओकुसान म्हणजे बायको. आम्ही सगळ्याच तिथे कुणाच्या ना कुणाच्या ओकुसान होतो, पण आम्हाला त्याचं एवढं काही वाटत नसे.

दुपारी त्या घरात जुन्या नाटकांतली भाषणं म्हणायच्या. सगळ्यांची, स्वतःची आणि समोरच्याचीही, बाल्कनीच्या काचेकडे तोंड करून. एक दिवस दाराच्या फटीतून चिठ्ठी आली. कुणाचंही नाव न घेता, माफी मागत मागत, 'आवाजाकडे कृपया लक्ष द्यावे' अशी विनंती. भिंती पातळ होत्या, शेजाऱ्यांचंही चुकलं नव्हतं. पण त्यानंतर त्या घरात कुजबुजत बोलू लागल्या, आणि ते मला बघवेना. शेवटी मीच त्यांना स्टेशनजवळच्या कराओकेत नेलं. लोक तिथे छोटी खोली भाड्यानं घेऊन गाणी म्हणतात, दार लावलं की आवाज बाहेर जात नाही. दुपारी तर ओसच असतं. सुलेखाताईंनी भिंतींवरची चमचमत्या चांदण्या बघितल्या, टीव्ही बंद केला, माइक सोफ्यावर टाकला आणि पोटातून असा आवाज काढला की माझ्या ग्लासातला बर्फ हलला. मग बसल्या आणि ढसाढसा रडल्या. वेळ संपत आली की तिथे भिंतीवरचा फोन वाजतो, दहा मिनिटं उरली म्हणून सांगायला. तो वाजला तेव्हा डोळे पुसत म्हणाल्या, "आपल्याकडे घंटा झाली की पडदा उघडतो. इथे घंटा झाली की उठायचं."

पुढे त्यांनी एक एकपात्री केलं, त्याचं बीज मिळालं कोबेला. गोडबोलेंच्या ओळखीचं एक गुजराती कुटुंब तिथे होतं, पिढ्यान्‌पिढ्या कापडाचा व्यापार करणारं. त्या घरातल्या आजी, बा, गिरगावात वाढलेल्या, मराठी माणूस दिसलं की सोडत नसत. त्यांनी कपाटातून आपला एक जुना निळा गाऊन काढून दाखवला. नव्या नवरीच्या वयात, बड्या लोकांच्या पार्टीसाठी शिवून घेतलेला. सुलेखाताई वेशभूषेच्या बाबतीत फार चिकित्सक, त्यांनी आधी तो उलटा केला आणि शिवण बघितली. "कुणी शिवलाय हा?" बा म्हणाल्या, "लेबलवर दुकानवाल्याचं नाव आहे ना, ते खोटं हां. मागच्या खोलीत एक निग्रो बाई होती, अमेरिकेची. तिचं डिझाइन, तिचंच कटिंग. लढाई संपल्यावर मिलिटरीबरोबर आली ती इथेच राहिली. मोठ्या मोठ्या लोकांचे ड्रेस केले, नाटकवाल्यांचे केले. आम्ही सगळ्या तिला काळी मॅडम म्हणायचो. कपडे सगळ्यांना याद आहेत. नाव कुणी विचारलंच नाही." मग थांबून म्हणाल्या, "मीपण नाही विचारलं... तिला पुरली तेव्हा दगडावर वाचलं." दुसऱ्या दिवशी बा त्यांना टेकडीवरच्या परदेशी लोकांच्या दफनभूमीत घेऊन गेल्या. सुलेखाताई परतल्या त्या वेगळ्याच होऊन. मला म्हणाल्या, "दगडावर नाव आहे, तारखा आहेत. शिवायची, हे कुठेच नाही. वैशाली, मी ही बाई करणार."

आणि त्यांनी ती केली. संहिता स्वतः लिहिली. बांनी गोदामातलं निळं रेशीम दिलं, तसाच गाऊन त्यांनी स्वतः बेतला आणि शिवला, फक्त खालचा घेर मोकळा ठेवला. प्रयोगाची सगळी गंमत त्या घेरात होती. पडदा उघडतो तेव्हा ती शिंपीण गाऊन मांडीवर घेऊन तुरपाईला बसते. तुरपाई करता करता बोलते, दुकानदाराबद्दल, गिऱ्हाइकांबद्दल, आपल्या गावातल्या कापसाबद्दल, विंगेत उभं राहून पाहिलेल्या नाटकांबद्दल, ज्यांच्या जाहिरातीत चहावाल्याचंसुद्धा नाव असे पण तिचं नसे. घेर पुरा होतो, ती दोरा तोडते, उठते आणि तेव्हा पहिल्यांदा आपलं नाव सांगते. तोपर्यंत प्रेक्षकाला नाव कळायचं नाही. मी प्रॉम्प्टर. कराओकेच्या खोलीत टेबलाशी बसून मी वाक्यं बघायची आणि त्या तालीम करायच्या. तालीम संपली की घरी जाऊन त्या सगळी तुरपाई उसवायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या टाक्यापासून. मी एकदा म्हटलं, "अहो, नुसती सुई फिरवल्याचा अभिनय करा ना. कुणाला कळतंय?" त्या म्हणाल्या, "हाताला कळतं." काठ सुयांच्या भोकांनी चाळणी झाला होता.

आमच्या मराठी मंडळानं गणपतीत प्रयोग ठेवला. पत्रकावर छापलं 'सौ. गोडबोले यांचा एकपात्री कार्यक्रम'. त्या फक्त हसल्या. एका उत्साही वहिनींनी चेहऱ्याला लावायला काळा रंग आणला होता. सुलेखाताईंनी तो शांतपणे परत केला. "रंग लावून मी नुसती तिच्यासारखी दिसेन. मला तिचं काम दाखवायचंय."

पण त्या दिवशी आपल्या माणसांनी आपली घड्याळं लावली होती आणि हॉल जपानी होता. आरतीला सुरुवातच उशिरा, मग कुणीतरी म्हणालं आणखी एक होऊ द्या, मग आणखी एक. जेवणाच्या पंगती लांबल्या. मसालेभात संपत नाही तोवर कोण उठणार! प्रयोग सुरू झाला तेव्हा हॉल रिकामा करून द्यायची वेळ डोक्यावर आली होती. तरी सांगते, त्या काय उभ्या राहिल्या त्या दिवशी. पोरंसुद्धा गप्प झाली, जपानीत कुजबुजणारी. निळ्या घेरावर सुई चालत होती आणि खोलीतला प्रत्येक माणूस उरलेल्या काठाकडे बघत होता. वीतभर राहिली असेल... आणि दार उघडलं. हॉलचे काका हातात किल्ल्या घेऊन उभे, पुन्हा पुन्हा कमरेतून वाकत, माफी मागत. वेळ संपली होती. खुर्च्या पुसून रचायच्या होत्या. अध्यक्ष माझ्याकडे बघून हातानं 'आवरा' म्हणत होते. मी विंगेतून काही बोलायच्या आधीच सुलेखाताई थांबल्या. सुई कापडात तशीच टोचली, गाऊनची घडी घातली, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि खाली उतरून खुर्च्या रचू लागल्या. लोक येऊन विचारत होते, "ताई, मस्तच. पण नाव काय हो त्या बाईचं?" त्या प्रत्येकाला एकच उत्तर देत होत्या, "नाव प्रयोगात येईल."

त्या रात्री मात्र त्यांनी तुरपाई उसवली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "उसवतात ती तालीम. हा प्रयोग आहे. तो अजून चालू आहे." पुढचा प्रयोग कोबेला बांच्या घरी, बांच्या समोर करायचा ठरलं होतं. मी प्रॉम्प्टिंगला रजाही टाकली होती, कारण तोवर मला टोकियोत नोकरी लागली होती. त्याआधीच दुखणं निघालं आणि त्या पुण्याला गेल्या, गाऊन इथल्या घरातच राहिला, किल्ली माझ्याकडे. फोनवर बोलायच्या ते उपचारांविषयी कमी आणि त्या घेराविषयी जास्त. "सुई गंजली नाही ना, बघ." शेवटी शेवटी त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की फोन कानात रुतवावा लागे. सांगलीच्या मागच्या रांगेत पोचलेला तो आवाज... मला फार एकटं वाटायचं फोन ठेवल्यावर. अजून वाटतं. या देशात माझ्याशी मराठीत भांडणारं माणूसच गेलं.

मागच्या आठवड्यात गोडबोले इथलं घर सोडायला आले. मी आवराआवरीला गेले तर ते कचऱ्याच्या जागेपाशी निळा गाऊन हातात घेऊन उभे. "वैशाली, हे जळणाऱ्यात जातं की कपड्यांत?" मी तो त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी सुई बघितली आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. "मी तो प्रयोग पाहिला नाही गं. बँकेची सिस्टिम बदलत होतो, रविवारी ऑफिसात होतो. तिला नंतर नाव विचारलं तर म्हणाली, प्रयोगाला या." मग लहान मुलासारखं विचारलं, "तुला माहीत आहे?"

मला माहीत होतं. शेवटचं वाक्य प्रॉम्प्टरला पाठ असतंच. पण तिथे कचऱ्यापाशी उभं राहून ते सांगता येईना. मी म्हटलं, "चला माझ्याबरोबर." दुपारची वेळ, कराओके ओस, आम्हाला तीच खोली मिळाली. गोडबोले सोफ्याच्या कडेला अवघडून बसले, चपला दाराशी काढून, कुणाच्या घरी आल्यासारखे. मी टीव्ही बंद केला. गाऊन मांडीवर घेतला आणि सुई जिथे थांबली होती तिथून पुढे निघाले. माझा टाका त्यांच्याइतका बारीक नाही. फरक दिसतो, राहू दे. मी वाक्यं म्हणत गेले, आधी प्रॉम्प्टरच्या सवयीनं हळू. गोडबोले पुढे झुकून ऐकत होते. भिंतीवरचा फोन वाजला तेव्हा दोन बोटं काठ उरला होता. फोन वाजू दिला. टाका घातला, गाठ मारली, दोरा तोडला आणि उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा पोटातून आवाज काढला.

"हे कपडे मी बेतले. हे मी शिवले. माझं नाव ओडेसा ग्रीन."

गोडबोले उठून उभे राहिले होते. टाळ्या वाजवत होते, एकटेच, गाल ओले. त्यांना थांबवत मी म्हटलं, "थांबा, अजून एक नाव राहिलंय." आपल्याकडे नाटकाआधी नावं सांगतात तसं सांगितलं, स्वच्छ, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं. "लेखन, वेशभूषा आणि भूमिका, सुलेखा कर्णिक."

फोन पुन्हा वाजला. या वेळी उचलला. पलीकडून मुलगी गोड आवाजात विचारत होती, वेळ वाढवायची का? मी म्हटलं, नको, प्रयोग संपला.