पॅनलवाल्या मॅडम

"हात कुठं गेला?"

कुणाचंही काही चुकलं की मॅडमचा पहिला प्रश्न हा. काय झालं, कुणी केलं, लक्ष कुठं होतं, यातलं काही त्या विचारत नसत. दोन्ही हात पाठीमागं बांधून, मान जराशी कलती करून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "बरं, आधी हात कुठं गेला?" चुकलेल्या माणसाला वाटायचं, ही बाई थट्टा करून राहिली. पण चेहऱ्यावर थट्टा नसायची. डॉक्टर पोट दाबून 'इथं दुखतं का' विचारतो ना, तसं ते विचारणं असायचं.

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं मोठं शेड. डाळमिलला लागणारी विजेची पॅनलं तिथं बनायची. पॅनल म्हणजे बटणांची, दिव्यांची लोखंडी पेटी. तिच्यासमोर उभं राहून एक माणूस अख्खी मिल चालू-बंद करतो. मी तिथं वायरमन होतो. पेटीत तारा ओढायच्या आणि मिलवर जाऊन ती भिंतीला बसवून द्यायची, हे माझं काम.

मॅडम आल्या तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. मूळच्या निलंग्याकडच्या. पुण्यात इंजिनिअरिंग शिकल्या, मग यंत्रापुढं उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं, डोळा आधी कुठं जातो, हात कशानं फसतो, याचा अभ्यास करायला दक्षिणेत जाऊन राहिल्या. बरीच वर्षं मोठ्या शहरात नोकरी केली आणि एकाएकी इकडं परत आल्या. का, ते आम्हाला कधी कळलं नाही. मालकांनी ओळख करून दिली, "ह्या डोक्याच्या इंजिनिअर हायेत." सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण एकट्याच थोडा वेळ जास्त हसत राहिल्या, तेव्हा मला कसंतरी वाटलं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी काय करावं? शेडच्या दारापाशी पंखे-दिव्यांची बारा बटणं एका ओळीत होती. हवा तो पंखा लावायला प्रत्येक माणूस आधी दोन-तीन भलतीच बटणं दाबायचा. तुमच्याही घरी हेच होत असेल. आपण त्याला चूकसुद्धा म्हणत नाही. मॅडम दिवसभर स्टूल टाकून दारात बसल्या आणि वहीत रेघा ओढत राहिल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "भाऊ, शेडमधी पंखे जसे टांगलेत ना, तशीच बटणं मांडा. वर तीन तर वर तीन, कडंला दोन तर कडंला दोन."

मी मांडली. दुसऱ्या दिवसापासून माणसं न बघता बरोबर बटण दाबू लागली. चुकत होतो फक्त मी. आठ वर्षांची सवय, हात जुन्याच जागी जायचा. मी ओशाळायचो आणि मॅडम खूश व्हायच्या. "लई भारी! हाताला अजून जुनंच घर ठाऊक हाय," म्हणायच्या. माझ्या चुकीवर एवढं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मिलवर गेल्या की तुरीच्या पोत्यावर बसून ऑपरेटरचे हात बघत राहायच्या. तासन् तास. माणसं बावरायची. एकदा एका ऑपरेटरनं वैतागून विचारलं, "मॅडम, माझी चूक पकडायला आल्यात का तुमी?"

"न्हाई," मॅडम म्हणाल्या, "माझी."

राहायला त्यांनी क्लासच्या पोरापोरींच्या गल्लीत एक खोली घेतली होती. ती गल्ली तुम्ही पाहिली असेल. प्रत्येक घरावर मजले चढवलेले, प्रत्येक मजल्यावर परीक्षेची तयारी करणारी मुलं, आणि खाली मेस. त्या सगळ्यात एवढ्या वयाच्या मॅडम एकट्याच. मेसवाल्या काकू कितीतरी दिवस त्यांना कुठल्यातरी मुलीची आई समजत होत्या. "पोरगी जेवायला आली न्हाई का आज?" असं विचारायच्या. मॅडम म्हणायच्या, "यील मागून." हे त्यांनीच हसत आम्हाला सांगितलं. आम्हीही हसलो.

सोमवारी मी सहज विचारायचो, "काल सुट्टीला काय केलं मॅडम?"

"एसटी स्टँडवर बसले होते. पाट्या कोण वाचतं अन् कोण माणसालाच विचारतं, ते बघत."

"दिवसभर?"

"हाव. लई माणसं असतात तिथं."

तेव्हा मला तो त्यांच्या अभ्यासाचाच भाग वाटला होता.

तिसऱ्या वर्षी नायगावकडच्या एका मिलवर अपघात झाला. हणमंत नावाच्या ऑपरेटरची उजव्या हाताची तीन बोटं रोलमध्ये गेली. रोल म्हणजे तूर घासून तिचं साल काढणारं यंत्र. त्याच्या तोंडाशी सुतळी अडकली होती, ती हणमंत काढत होता. पॅनलपाशी बालाजी होता, हणमंतच्या बायकोचा सख्खा भाऊ. दाणे वर चढवणारा एलिवेटरही तुंबला होता, म्हणून हणमंत ओरडला, "एलिवेटर चालू कर." बालाजीनं घाईत बटण दाबलं, आणि रोल फिरला.

पॅनल आमचं होतं. मॅडमनी पहिल्या वर्षी काढलेल्या नकाशाबरहुकूम बनवलेलं. मालक, मॅडम आणि मी जीपनं गेलो. मिलमालक तावातावानं बोलत होता, "बटणाखाली नाव लिहिलंय. शिकलेला हाय तो. वाचायला काय झालं होतं? आजपासून त्याला गेटच्या आत घेनार न्हाई." बालाजी वजनकाट्यापाशी उकिडवा बसला होता. त्याच्याजवळ कुणी जात नव्हतं.

मॅडम त्याच्यासमोर तशाच उकिडव्या बसल्या. "बालाजी, हात कुठं गेला?"

त्यानं वर पाहिलं. अपघात झाल्यापासून हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. "उजवीकडं गेला मॅडम," तो रडत म्हणाला. "एलिवेटर उजवीकडंच हाय की!"

मॅडम त्याला पॅनलसमोर घेऊन गेल्या. तोंड पॅनलकडं, पाठ यंत्रांकडं. अशा उभ्या माणसाच्या उजव्या हाताला खरोखरच एलिवेटर होता. पण पॅनलवर त्याचं बटण डावीकडं होतं आणि उजवीकडं रोलचं. नावाच्या पट्टीवर डाळीच्या भुकटीचा थर होता. मॅडमनी यंत्रांकडं पाहिलं, पॅनलकडं पाहिलं, यंत्रांमागच्या रिकाम्या भिंतीकडं पाहिलं. आणि मग एकदाच माझ्याकडं.

नकाशा काढताना त्यांनी धरलं होतं की पॅनल त्या यंत्रांमागच्या भिंतीवर असेल. माणूस यंत्रांकडं तोंड करून उभा राहील आणि डावं ते डावं, उजवं ते उजवं दिसेल. ती भिंत ओलसर होती. इकडं केबलही कमी लागत होती. म्हणून मी पॅनल अलीकडच्या भिंतीला बसवून मोकळा झालो होतो. कुणाला सांगावं असं त्यात काही आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.



मॅडमनी मेन स्विच बंद करायला लावला. मग मिलमालकाला पॅनलसमोर उभं केलं. "मी नाव घेतलं की लगीच दाबा. वाचायचं न्हाई. घाई हाय असं समजा. एलिवेटर!" मिलमालकानं रोलचं बटण दाबलं. मग आमच्या मालकांना उभं केलं. त्यांनीही रोलचंच दाबलं. मुनीम पुढं आलाच नाही.

मॅडम म्हणाल्या, "ही मांडणी माझी हाय. बालाजीच्या जागी कुणीबी असता तर हेच झालं असतं. मी तसं लिहून देते. त्याला कामावर घ्या." आणि तिथंच मुनिमाकडून कागद घेऊन त्यांनी लिहून दिलं. कागदावर माझं नाव नव्हतं.

परतताना मालक एवढंच म्हणाले, "बोललात ते ठीक. लिहून कशाला दिलं?"

शेडवर आल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. "मॅडम, भिंत मी बदलली."

"ठाऊक हाय."

"मग सांगितलं का न्हाई?"

"नकाशावर मी भिंत लिहिलीच न्हवती. जे लिहिलं न्हाई ते तुमाला कसं कळणार? मी एकदा तरी तिथं जाऊन उभं राहायला पाहिजे होतं." एवढं बोलून त्या कामाला लागल्या.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. नोकरी वाचली म्हणून हायसं वाटलं. आज लाज वाटते ती भिंत बदलल्याची नाही, त्या हायसं वाटण्याची.

बालाजीला कामावर घेतलं. पण बहिणीनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. हे कळल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "येता का?" आम्ही एसटीनं हणमंतच्या घरी गेलो, बालाजीला बरोबर घेऊन. हणमंत ओट्यावर बसला होता, हात फडक्यात गुंडाळलेला. त्यानं मेव्हण्याला 'ये' म्हटलं. बहिणीनं मात्र आम्हा दोघांना पाणी दिलं आणि भावासमोरून तांब्या तसाच नेला.

ती चहाला लागली. मॅडम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसल्या. सवयीनं तिचे हात बघत. चहाचं आधण उकळलं आणि तिचा हात वरच्या फळीकडं गेला. तिथं काही नव्हतं. ती थबकली, मग खाली वाकून साखरेचा डबा घेतला.

"ताई, हात कुठं गेला?" मॅडमनी हळूच विचारलं.

"वर गेला बगा," ती म्हणाली. "डबे खाली मांडलेत, ह्यांना डाव्या हातानं घेता यावेत म्हणून. मीच मांडलेत अन् मीच चुकून राहिले. हैराण झाले."

"तुमाला ठाऊक हाय डबा कुठं हाय, तरीबी हात वर गेला."

"हाव."

"बालाजीचाबी तसाच गेला."

चहा उतू जाऊन चुलीवर चरचरला, तरी ती बाई तशीच उभी होती. मग तिनं मांडणीवरून आणखी एक कप काढला. बाहेर येऊन भावाच्या समोर ठेवला आणि म्हणाली, "घे. गार हुईल." बालाजीनं चहा बशीत ओतला. हणमंत दुसरीकडं बघत होता.

त्यानंतर कारखान्यात मॅडमचं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. त्यांना कुणी जा म्हटलं नाही. फक्त नवे नकाशे त्यांच्या टेबलावर येईनासे झाले. मालक त्यांच्याशी बोलताना माझ्याकडं बघून बोलायचे. दोन-तीन महिन्यांनी मॅडमनीच सोडलं. तेव्हाही मी मालकांना काही सांगितलं नाही.

जायच्या दिवशी मी लातूर स्टेशनवर गेलो. दुपारची गाडी होती. मॅडम बाकावर एकट्या बसून संत्रं सोलत होत्या. शेजारी एक बॅग आणि पुस्तकांचं खोकं. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला अवघडल्यासारखं झालं. अर्धं संत्रं मला दिलं. मी भिंतीचं पुन्हा काढणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमाला मुली किती?"

"दोन."

"नावं काय?"

मी सांगितली. तीन वर्षं आम्ही एका शेडमध्ये होतो.

"छान हायेत नावं," त्या म्हणाल्या. मग बिया हातावर गोळा करत हसून बोलल्या, अगदी गंमत सांगावी तसं. "एक बघा भाऊ. तीन वर्षांत इथं मला कुणी घरी जेवायला बोलवलं न्हाई."

माझं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर. मी म्हटलं, "चला की मॅडम, आत्ता चला. गाडीला वेळ हाय."

"आता नको. चुकली तर दुसरी उद्याच हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

गाडी आली. मी खोकं आत ठेवून दिलं. त्यांना खिडकी मिळाली ती पलीकडच्या बाजूची, त्यामुळं गाडी हलली तेव्हा त्या मला दिसल्या नाहीत. नंतर एकदा फोन लागला. आवाज नीट येत नव्हता. पुढं तो नंबर बंद झाला.

स्टेशनवरून घरी आलो. बायकोनं ताट वाढलं. "एवढा वेळ कुठं होतात?"

"स्टेशनवर. कामावरच्या एक मॅडम चालल्या होत्या. एकट्याच होत्या."

ती भाकरी मोडून माझ्या ताटात टाकत होती. "एकट्या होत्या, तर आणायचं की एकदा घरी," ती म्हणाली. "मला काय, दोन भाकऱ्या जास्त."