पेटीतली पितळेची जीभ

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. सख्ख्या बहिणीपाशीही नाही. चौथी शिकलेली बाई मी, लिहायची सवय नाही — पण तोंडातून तर हे निघणारच नाही.

माझे मालक गायन पार्टीला चाली लावायचे. दिवसा हमाली, संध्याकाळी पेटी. आमची सुमी त्यांच्या मांडीला चिकटून बसायची आणि मधली एकच काळी पट्टी दाबत राहायची. सहाव्या वर्षी तापानं गेली. मग ते चालच लावेनात. कामावरून आले की ती एक पट्टी दाबायचे. रोज. मंगळवार पेठेतली आमची एवढीशी खोली — मी कान कुठं न्यायचे?

पट्टीखाली पितळेची बारीक जीभ असते, सूर तिच्यातून निघतो. ते धूळ काढताना मी बघितलं होतं. एका दुपारी पेटी उघडली आणि केसातल्या आकड्यानं ती जीभ उचकटली. तुटली. बटणांच्या डब्यात टाकली.

संध्याकाळी पट्टीतून नुसती हवा आली.

"पेटीला हात लावलास काय गं?"

"न्हाई की."

सुमीचं म्हणून त्यांच्याकडं तेवढंच उरलं होतं. ते मी काढून घेतलं — आणि न्हाई म्हणाले.

पेटी दुरुस्त करणारा आला, त्याला त्यांनी उंबऱ्यातच अडवलं. "हात लावू नका पावणं. सूर पोरीनं नेलाय." आम्ही बौद्ध, आमच्यात असलं मानत नाहीत. ते मानायला लागले. मी मानू दिलं.

चाली पुन्हा सुचायला लागल्या. पण प्रत्येक चाल त्या सुरापर्यंत चढायची आणि गप व्हायची. लोक रडायचे. शिरोळ, आजरा, कुठून कुठून बोलावणी आली. पार्टीतले म्हणायचे, "वैनी, लेकीच्या दुःखानं माणूस मोठा झाला बघा." मी चहा पुढं करायची. दुःख लेकीचं, खरंच. पण ती मोकळी जागा कुणी पाडली होती?

यंदा ते गेले. शेवटी शेवटी उठवत नव्हतं. म्हणाले, "दाबून बघ जरा, आला काय सूर?" बटणांचा डबा समोर फळीवर होता. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला? मी पट्टी दाबली.

"न्हाई आला."

"म्हंजे हाय तिच्यापाशी," म्हणाले. आणि हसले.

रविवारी विहारात पोरं त्यांच्या चाली गातात. त्या सुराशी आली की थांबतात, शिकवलंय तसं. मी मागं बसून टाळ्या वाजवते.