उजव्या बुटाला लाल दोरा: मुर्री ते कचारगड

एकोणीस वर्षांनी मोटारसायकल घ्यायची ठरवली तेव्हा घरात एकच जण माझ्या बाजूनं होता, तो म्हणजे मी. मुलगा निलेश म्हणाला, "बाबा, या वयात काऊन जी?" वय बासष्ट. खत-बियाण्यांचं दुकान त्याच्या हाती दिलंय, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, तीही तोच बघतो. मग मी काय दिवसभर खाटेवर बसून पंख्याचे फेरे मोजू का? गोंदियातून एक सेकंडहँड दीडशे सीसीची गाडी उचलली आणि मुर्रीला घरासमोर आणून उभी केली. सून म्हणाली, छान आहे. बायको, शकुन, ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, गाडीकडे पाहिलं आणि परत तांदूळ निवडू लागली.

शकुन निलेशच्या स्कूटीवर बसते. पुतण्याच्या मागे बसते. माझ्या मागे एकोणीस वर्षांत बसली नाही. तेव्हा गोरेगावच्या आठवडी बाजारातून येताना आम्ही दोघं पडलो. फाल्गुनाचे दिवस होते आणि एका शेतकऱ्यानं डांबरी रस्त्यावर लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, पसरली होती. आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. भारे रस्त्यावर टाकायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली फुकटात मळणी होते. त्या लाखोरीवरून गाडी घसरली आणि शकुनचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट अजून पुरतं वळत नाही. भाताचं गंज, म्हणजे पातेलं, ती चुलीवरून डाव्या हातानं उतरवते. मी त्या शेतकऱ्याला, भोजराज त्याचं नाव, चार गावच्या लोकांसमोर असं झाडलं की बिचारा हात जोडून उभा राहिला. त्यानंतर मी जुनी फटफटी विकली आणि घरात फर्मान काढलं की या घरात लाखोरी शिजायची नाही. आमच्या भागात लाखोरीची डाळ नाही म्हणजे जेवणातला अर्धा जीव गेला, पण माझा हट्ट म्हणजे हट्ट.

तर नव्या गाडीचा पहिला दौरा कुठं? मी म्हटलं कचारगड. जंगल, डोंगर, गुहा, सगळं एका दिवसात. माघ पौर्णिमेला तिथं गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, म्हणून यात्रा आटोपल्यावर तीन आठवड्यांनी जायचं ठरलं. शकुनला म्हटलं, चल. मला वाटलं सरळ नाही म्हणेल. तिनं अट घातली.

"तुमी जा फटफटीनं, मी येतो बसनं. आमगावले, सालेकशाले आन कचारगडले, तीन जागी इचारीन. पाय एकदाही चुकला नाही तर येतानी मागं बसतो. चुकला तर बसनंच परत."

पाय चुकणं म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या वयाचे कोणी परत गाडीवर बसायचा विचार करत असतील तर हे सगळ्यात कामाचं आहे. आमच्या जुन्या फटफटीला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. आताच्या गाड्यांना नेमकं उलट. डोक्याला ते पाच मिनिटांत कळतं, पायाला कळत नाही. गोंदियाच्या मिस्त्रीनं गाडी देताना सांगितलं होतं, "काका, गियर लेफ्ट, ब्रेक राइट. दिमाग को मत समझाओ, पैर को समझाओ." पंधरा दिवस मी मुर्रीच्या रिकाम्या रस्त्यावर पायाला समजावत होतो. निघायच्या सकाळी शकुन एक लाल दोरा घेऊन आली, खाली बसली आणि माझ्या उजव्या बुटाला बांधून म्हणाली, "लाल म्हंजे बिरेक." बरं वाटलं मला. पण हे तिला कसं सुचलं, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

सकाळी साडेसहाला निघालो. तिला गोंदियाच्या स्टँडवर निलेशनं सोडलं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे ती आधीच फायद्यात. मी बसच्या मागे निघालो आणि शहर संपताच बसच्या पुढे गेलो. अहाहा! एकोणीस वर्षांनी तो वारा छातीवर आला आणि मी हेल्मेटच्या आत एकटाच हसत सुटलो. दोन्ही बाजूंना धानाच्या रिकाम्या बांध्या, कुठं उन्हाळी धानाचा हिरवा तुकडा, बांधावर पळस पेटलेला. आमगावपर्यंत रस्ता चांगला आहे, गाड्या मात्र पुष्कळ. पन्नासच्या वर जाऊ नका. माझी कंबर पन्नासच्या वर तशीही जाऊ देत नव्हती.

आमगावला स्टँडजवळ पोहे-तर्री खाल्ले. तर्री एवढी तिखट की शेजारचा ट्रकवाला मला पाण्याचा ग्लास सरकवून म्हणाला, "बापू, आराम से." पेट्रोल इथंच भरून घ्या, पुढे जंगलात पंप शोधत फिरायची वेळ येऊ देऊ नका. बस आली. शकुननं खिडकीतून तोंड काढून विचारलं, "चुकला का जी?"

"नाही!" मी बूट वर करून दोरा दाखवला. अख्खी बस माझ्या बुटाकडे बघत होती.

सालेकशालाही तेच. तिथं ती उतरली, आम्ही चहा आणि गरम आलुबोंडा घेतला. "चुकला का?" "नाही." दोन्ही वेळा खरं होतं. पुढं तिला दरेकसाकडे जाणारा सवारीचा ऑटो मिळाला. ऑटोवाल्यानं थेट पायथ्यापर्यंत सोडायचं कबूल केलं. ती पुढे गेली, मी थोडं थांबून निघालो.

सालेकशाच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो आणि या सफरीचा खरा आनंद तिथंच आहे. मोहाची फुलं नुकतीच पडायला लागली होती, हवेत तो गोडूस, जड वास. झाडाखाली एक म्हातारी टोपली घेऊन फुलं वेचत होती. मी तिच्याकडे बघत बघत वळणावर आलो तर समोर रस्त्याच्या मधोमध बैल. अगदी उभा, वाट अडवून.

आणि पाय चुकला.

डावा पाय धाडकन खाली गेला. ब्रेक नव्हता तो, गिअर होता. गाडी ओरडली, मागचं चाक हललं, देवाच्या दयेनं हातातला ब्रेक लागला आणि बैलापासून दोन हातांवर गाडी बंद पडली. बैलानं मान हलवली आणि तो हळूच बाजूला झाला. म्हातारी टोपली घेऊन उभी राहिली होती.

"काऊन भाऊ," ती म्हणाली, "गाडी नवीन हाये का मानूस नवीन हाये?"

मला हसू आलं नाही. गाडी बाजूला लावून मी मोहाखाली बसलो. घाबरलो होतो, पण बैलामुळे नाही. तो धक्का ओळखीचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी माझी फटफटी दुरुस्तीला होती आणि मी मेहुण्याची नवी गाडी घेऊन बाजाराला गेलो होतो. तिला गिअर डावीकडे. समोर लाखोरी दिसली, मी ब्रेक म्हणून डावा पाय दाबला आणि गाडी अशीच ओरडली होती. लाखोरीवरून सावकाश गेलो असतो तर काही झालं नसतं. ही गोष्ट मी आजवर एकालाही सांगितलेली नव्हती.

पायथ्याशी शकुन दगडावर बसून वाट बघत होती. "चुकला का?"

"नाही," मी म्हटलं. पटकन, तिच्याकडे न बघता.

गडाची चढण तशी मोठी नाही, पण खडकाळ आहे. पाणी सोबत न्या, चप्पल नको, बूट घाला. मी पुढे, ती मागे, मध्ये मध्ये थांबत. गुहेत शिरलं की अंगावरचा घाम एकदम थंड होतो. वर एवढं उंच छत की मान दुखावी. यात्रेत आलेल्यांनी बांधलेली पांढरी कापडं, पिवळे झेंडे अजून होते. आमच्याशिवाय एक कुटुंब होतं, ते हळू आवाजात गोंडीत बोलत होतं. त्यांनी हात जोडले, आम्हीही जोडले. शकुननं आपलं ते वाकडं मनगट दुसऱ्या हाताच्या आधारानं वर नेलं तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"चुकला," मी म्हटलं.

"काय?"

"पाय. सालेकशाच्या पुढं. बैल होता."

ती हळूच म्हणाली, "आन तवा?"

"तेव्हाही," मी म्हटलं. "लाखोरीचं काही नव्हतं, शकुन. माझाच पाय होता."

"माईत हाये मले," ती म्हणाली. "मागंच बसली होती ना मी. तुमचा डावा पाय खाली गेला तो पायला मी."

"मग बोलली काऊन नाही?"

"तुमी त्या मानसावर एवढे ओरडून राहिले होते. मी म्हनलं, घरी गेल्यावर सांगतील. मंग म्हनलं, उद्या सांगतील." ती वाटेकडे वळली. "मी हाताच्या भेवानं नाही बसली इतके दिस, या रागानं नाही बसली."

एकोणीस वर्षं मी समजत होतो की बायको भित्री आहे. खाली उतरताना मी विचारलं, मग आता बसशील ना? तिनं मान हलवली. पाय चुकला, अट म्हणजे अट. "मी बसनं गोरेगावले येतो. तुमीबी तिकडूनच या. भोजराजभाऊले सांगा पयले."

आता वाचणाऱ्यांसाठी सांगतो, परतीला आमगाववरून गोरेगावचा फाटा धरला तर फेरा पडतो, पण रस्ता निवांत आहे आणि गर्दी कमी. मी मात्र ते काही बघितलं नाही. अख्ख्या रस्त्यानं भोजराजला काय म्हणायचं तेच घोळवत होतो. गोरेगावात बाजार भरलेला होता, भाज्यांच्या ढिगांतून गाडी काढता काढता नाकी नऊ आले. शकुन बसनं आली, तिथून ऑटोनं पुढे भोजराजच्या गावाच्या फाट्यावर उतरली. मी पोचलो तेव्हा ती भोजराजच्या आंगणात बसून पाणी पीत होती. बाजूला ताडपत्रीवर लाखोरीचे भारे पसरलेले आणि भोजराज काठीनं झोडपत होता. म्हातारा झाला होता, पण ओळखला मी त्याला. त्यानंही मला ओळखलं आणि काठी खाली ठेवली.

"भाऊ, आमी तवापासून रस्त्यावर कायी टाकत नाही," तो आधीच म्हणाला. त्याला वाटलं मी परत भांडायला आलोय. असं वाईट वाटलं मला!

मी हेल्मेट काढलं, हात जोडले आणि सगळं सांगितलं. मेहुण्याची उसनी गाडी, डावा पाय, सगळं. भोजराज माझ्याकडे बघत राहिला. मग एकदम वळून घराकडे तोंड करून ओरडला, "आयकून राहिली का वो! भाऊ का मनतेत आयक! लाखोरीची चूक नोहोती मने! दरसाली मले बोलत होती ना, बाईचा हात मोडला मनून!"

आतून त्याची बायको बाहेर आली. हात पदराला पुसत तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंग एवढे दिस सांगाले काऊन नाही आले?"

मी खाली मान घातली. भोजराजच मधे पडला, "आले ना आता, जाऊ दे. च्या मांड." चहा झाला. जाताना त्या बाईनं शकुनच्या हातात लाखोरीच्या डाळीची एक पिशवी दिली आणि तिचं वाकडं मनगट दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभी राहिली.

रस्त्यावर आलो. गोंदियाकडे जाणारी बस लांबून येताना दिसत होती. मी गाडी सुरू केली. शकुननं बसकडे पाहिलं, मग पदर खोचला, पिशवी मांडीवर घेऊन माझ्या मागे बसली आणि ते न वळणारं मनगट माझ्या खांद्यावर ठेवलं.

"चाला. आन बिरेक कोनता?"

"लाल."

बस आमच्या अंगावर धूळ उडवून निघून गेली. मी तीसनं चालवली. ती मधे मधे सांगत होती, कोणाचं शेत विकलं, कुठं नवीन घर झालं, आणि मी हो हो म्हणत होतो. जिथं पडलो होतो ती जागा कधी मागे गेली ते बोलण्याच्या नादात आम्हा दोघांनाही कळलं नाही. ऊन उतरायच्या आत मुर्रीला पोचलो. निलेश फाटकात उभा होता, आईला माझ्या मागे बघून फाटक उघडायचंच विसरला.

हिशेब म्हणाल तर दीडशेच्या आसपास किलोमीटर, कंबर दोन दिवस धरलेली, पेट्रोल परवडलं. माझ्या वयाचं कोणी निघणार असेल तर जरूर निघा. आधी पायाला समजवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. ताटात भात, त्यावर पिवळंधमक वरण, वरून लसणाची फोडणी. निलेशनं वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "आई, ही लाखोरी हाये. आपल्या घरी चालत नाही ना?"

शकुन पळी घेऊन उभी होती. तीही माझ्याकडे बघू लागली.

"चालते," मी म्हटलं. "चूक लाखोरीची नव्हती, बाबू. माझी होती." आणि त्यालाही सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होतो, तरी अवघडच गेलं. सांगता सांगता ताट कधी रिकामं झालं ते समजलं नाही.

"वाढू का आनखी?" शकुननं विचारलं.

"वाढ," मी म्हटलं.